नवरा-बायकोचं बिनसलेलं नातं कथेत कसं आणावं

बिनसलेल्या संसारावरच्या कथा मराठीत भरपूर लिहिल्या जातात. त्यातल्या बऱ्याच एकाच जागी अडखळतात, कारण लेखक भांडणापासून सुरुवात करतो. दोन माणसं एकमेकांना टाकून बोलतात, जुनी उणीदुणी निघतात, एक जण रडतं, दुसरं दार आपटून निघून जातं. वाचकाची या दोघांशी अजून ओळखच झालेली नसते. त्याला आवाज ऐकू येतो, पण काय मोडलं ते समजत नाही. मोडण्याआधी तिथे काय उभं होतं, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं.

प्रत्येक संसार कधीच न बोललेल्या वाटण्यांवर चालतो. पैसा कोणाच्या हातात येतो, कुठे ठेवला जातो, खर्च करताना कोण कोणाला विचारतं. घर कोणाच्या नावावर आहे. बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. रात्री दाराची कडी कोण लावतं, सकाळी दूध कोण घेतं. कोणाकडचे पाहुणे न कळवता येऊ शकतात आणि कोणाकडच्यांनी आधी फोन करायचा असतो. आजारी पडायची मुभा कोणाला आहे. या वाटण्या न्याय्य असतात असं मुळीच नाही, बहुतेक घरांत त्या एका बाजूला कललेल्याच असतात. पण त्यांच्यावर घर चालतं. ज्या दिवशी यातली एक वाटणी चालेनाशी होते, त्या दिवशी कथा सुरू होते. बिनसलेल्या नात्याची चांगली कथा ही मुळात एका घराच्या हिशेबाची कथा असते, आणि हा हिशेब लिहायला बसण्याआधी मांडायचा असतो.

आधी घर मांडा

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी दोन पानं खर्ची घाला. ही पानं कथेत येणार नाहीत. त्यांच्यावर फक्त त्या घराची व्यवस्था लिहा: पैसा, जागा, कामं, झोप, माहिती. माहिती म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ते ठाऊक आहे हे कोणाला कळलेलं नाही. शेवटी एक ओळ तिच्यासाठी आणि एक त्याच्यासाठी: या व्यवस्थेतून हिला काय मिळतं, ह्याला काय मिळतं. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर कथा अजून तयार नाही, कारण काहीच मिळत नसताना माणूस इतकी वर्षं तिथे का राहिला याचं उत्तर तुमच्याकडे नाही. कधी उत्तर ‘मुलं’ असतं, कधी ‘जायला जागा नाही’, कधी ‘सवय’, तर कधी अजूनही थोडं प्रेम. यातलं नेमकं कोणतं, ते ठरवावंच लागतं.

ही व्यवस्था गाव, काळ आणि पोटापाण्याचा धंदा यांप्रमाणे पार बदलते. मुंबईतल्या बीडीडी चाळी घ्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या इमारती, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. अशा खोलीत सासू-सासरे आणि दोन मुलं असताना नवरा-बायको भांडतात कुठे? ती कुजबुजत भांडतात. किंवा भांडी घासण्याच्या आवाजाआड, गच्चीवर, नाहीतर बाजारात जाता-येता. भांडण अर्धवट ठेवून त्यांना पुन्हा त्याच खोलीत, चार माणसांच्या मध्ये निजावं लागतं. तीन बेडरूमच्या फ्लॅटमधली ‘ती रागाने आतल्या खोलीत गेली’ ही ओळ इथे लिहिताच येत नाही. जागा नसल्यामुळे इथलं भांडण वेगळ्या आकाराचं होतं, आणि त्या आकारातच या कथेची ताकद आहे.

किंवा बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगारांचं जोडपं. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती साधारणपणे नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांच्या अंगमेहनतीने. दिवाळीच्या सुमारास निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळ कोपी (झोपडी) घालायची, पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. या बाईने जानेवारीत ठरवलं की आता ह्याच्यासोबत राहायचं नाही, तर ती जाणार कशी? ती गेली की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते, मुकादम तिच्या माहेरच्या दारात उभा राहतो. इथे नातं तुटण्याचा प्रश्न मनाचा असतोच, पण त्याआधी तो उचलीचा असतो. हे न समजता लिहिलेली ‘तिने अखेर पाऊल उचललं’ छापाची कथा त्या बाईवर अन्याय करते.

काळाचंही तसंच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरणगावातल्या ज्या घरांत पगाराचं पाकीट नवऱ्याच्या खिशातून येत होतं, तिथे हळूहळू बायकांनी पोळ्या लाटून, डबे देऊन, चार घरची कामं धरून चूल चालवली. १९८३ सालच्या लालबागमधली कथा लिहायची तर बायको कामावरून येते तेव्हा नवरा कुठे बसलेला असतो, तो चहा ठेवतो का, आणि ठेवला तर शेजारच्यांना दिसू नये म्हणून दार लोटून घेतो का, हे ठरवावं लागेल. संपावर एक परिच्छेद लिहिण्यापेक्षा लोटलेलं दार जास्त सांगतं.

एक वस्तू, एक दिवस

व्यवस्था मांडली की ती मोडणारी एक लहान, हातात धरता येणारी गोष्ट शोधायची. मोठी घटना टाळा: विवाहबाह्य संबंध उघड होणं, अपघात, कर्करोगाचं निदान. त्या वाईट नाहीत, पण अडीच हजार शब्दांत त्या सगळी जागा खातात आणि मग नात्याकडे बघायला फुरसत उरत नाही.

समजा, मेधा आणि संजय, राहणार डोंबिवली, लग्नाला १९ वर्षं. संजय एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, मेधा घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. शिकवण्यांचे पैसे दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात जातात, त्यातून दूध, पेपर, भाजी. संजयचा पगार बँकेत, त्यातून घराचा हप्ता, मुलाची फी, गावच्या घराची डागडुजी. कोणी कोणाला हिशेब मागत नाही. या विश्वासाचा मेधाला अभिमान आहे. मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला शोधताना तिला फायलीत पतपेढीच्या मुदतठेवीची पावती सापडते. रक्कम ४०,००० रुपये. नॉमिनीच्या रकान्यात संजयच्या भावाचं नाव.

ठेव लग्नाच्या आधी दोन वर्षं ठेवलेली. त्यानंतर तिचं सहा वेळा नूतनीकरण झालं आणि सहाही वेळा संजयने सही केली. तो विसरला, की त्याने तसंच ठेवलं? मेधाला हे कळायला मार्ग नाही. विचारलं तर तो ‘अगं, राहून गेलं’ म्हणणार, आणि ते खरं असलं तरी खोटं वाटणार. ही जी जागा आहे, जिथे दोन्ही अर्थ तितकेच शक्य आहेत, तिथे कथा उभी राहते. पावतीवर भलत्याच बाईचं नाव असतं तर कोडं उरलं नसतं आणि कथाही.

इथे एक बारकावा कामाला येतो. ठेवीचा नॉमिनी मालक नसतो. तो रक्कम घेतो ती कायदेशीर वारसांच्या वतीने. म्हणजे संजय पुढे म्हणू शकतो, “पैसे शेवटी तुला आणि मुलालाच मिळाले असते.” हे वाक्य कायद्याने बरोबर आहे आणि तिला त्याचा काडीचाही उपयोग नाही. बरोबर असूनही निरुपयोगी ठरणारं उत्तर मिळालं की समजावं, वस्तू चांगली निवडली आहे.

अबोला

भांडणापेक्षा अबोला लिहायला कठीण आणि कथेला जास्त उपयोगी. मराठी घरांत त्याचे ठरलेले नियम असतात आणि लेखकाने ते जसेच्या तसे वापरावेत. अबोल्यातही जेवण वाढलं जातं, पण दुसऱ्यांदा विचारलं जात नाही. ताटात मीठ राहिलं तर तो स्वतः उठतो. निरोप मुलांमार्फत जातात: “बाबांना सांग, पाणी तापलंय.” बाबा दोन हातांवर बसलेले असतात, त्यांना ऐकू आलेलं असतं, तरी मूल ते वाक्य पुन्हा म्हणतं आणि मगच ते उठतात. मूल लहान असेल तर त्याला हा खेळ वाटतो, बारा-तेरा वर्षांचं असेल तर ते निरोप देताना दोघांच्या डोळ्यांकडे बघत नाही. मूल नसेल तर भिंतीला उद्देशून बोललं जातं: “कोणाला उद्या लवकर जायचं असेल तर डबा साडेसहाला मिळेल.”

अबोल्यात काही कामं थांबतात आणि काही थांबत नाहीत. कोणती थांबतात यावरून नातं किती बिघडलंय ते वाचकाला मोजता येतं. चहा थांबला तर राग ताजा आहे. औषधाची गोळी पुढ्यात ठेवणं थांबलं तर प्रकरण गंभीर आहे. इस्त्रीचे कपडे नेहमीसारखे कपाटात लागताहेत, पण त्याचे वेगळ्या कप्प्यात जायला लागले, तर ती काहीतरी ठरवून बसली आहे.

आणि अबोला सुटतो कसा, हे तर फारच नीट बघण्यासारखं असतं. माफीने तो क्वचितच सुटतो. दारात पाहुणा येतो आणि दोघांना त्याच्यासमोर बोलावं लागतं. गावाकडून फोन येतो, कोणीतरी वारलेलं असतं, आणि ‘अहो, ऐकलंत का’ आपोआप तोंडून निघतं. मुलाला ताप चढतो. घरातला बल्ब जातो. अशा सक्तीच्या बोलण्यानंतर काही घरांत अबोला विरून जातो. काही घरांत पाहुण्याने पायरी उतरताच पुन्हा तिथूनच चालू होतो. दुसऱ्या प्रकारावर आख्खी कथा उभी राहील: पाहुणा तीन तास बसला आहे, नवरा-बायको हसतखेळत बोलताहेत, एकमेकांच्या गमती सांगताहेत, आणि वाचकाला माहीत आहे की गेले नऊ दिवस या घरात शब्द नाही.

अबोला लिहिताना नेहमीची चूक म्हणजे त्या शांततेचं वर्णन करत बसणं. ‘घरात एक जीवघेणी शांतता पसरली होती’ हे वाक्य सरळ काढून टाका आणि त्या जागी कुकरच्या शिट्ट्या मोजणारा माणूस ठेवा.

बोलणं

संवादाचा पहिला मसुदा जवळजवळ नेहमी असा येतो:

“तू मला कधी आपलं मानलंच नाहीस! एकोणीस वर्षं मी या घरासाठी झिजले आणि तुझ्या लेखी मी कोण?”

यात मेधा आपल्या मनाचा निष्कर्ष बोलून दाखवते. वाचकाला करायला काही उरत नाही. खऱ्या घरात ज्यावरून दुखतं त्यावर माणसं सहसा बोलत नाहीत, ती शेजारच्या विषयावर बोलतात. त्याच प्रसंगाचा दुसरा मसुदा:

“शनिवारी अरुण येतोय.”
“येऊ दे की.”
“मटण आणू?”
“तुम्हीच ठरवा. भाऊ तुमचा.”
“तुम्ही? हे काय नवीन?”
“भात लावते.”

मेधा एरवी संजयला एकटं असताना ‘तू’ म्हणते; ‘अहो’ फक्त सासरच्यांसमोर. ही सवय कथेत पहिल्या पानावर, काही न सांगता, एकदा दिसून गेलेली असली की इथला ‘तुम्ही’ थपडेसारखा लागतो. संजयला तो ऐकू येतो, कशामुळे ते कळत नाही. वाचकाला दोन्ही कळतं. अशी हाक बदलण्याची जागा कथेत एकच ठेवा. तीनदा केलं की ती लकब होते.

कोण कोणाला काय म्हणतं हे वय, गाव आणि घर यांप्रमाणे आधी ठरवून घ्या. सत्तरीतली बाई नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असा करेल, खेड्यातली ‘आमचे मालक’ किंवा ‘सुरेशचे बाबा’ म्हणेल, तिशीतली पुण्यातली मुलगी सरळ नावाने हाक मारेल आणि सासूसमोरही मारेल, किंवा सासूसमोर वाक्याची अशी रचना करेल की हाक मारायची वेळच येऊ नये. हे शेवटचं फार बोलकं असतं.

संवाद तपासायची एक पद्धत: प्रत्येक वाक्याशेजारी समासात लिहा, हे बोलणाऱ्याला या क्षणी समोरच्याकडून काय हवंय. ‘त्याने विचारावं’, ‘तिने गप्प बसावं’, ‘पाच मिनिटं मिळावीत’. जिथे उत्तर ‘वाचकाला माहिती मिळावी’ असं येईल ते वाक्य काढा.

कोणाच्या बाजूने

लघुकथेत एकाच माणसाच्या डोक्यात राहिलेलं बरं. त्याच्या मनात एक परिच्छेद, तिच्या मनात एक, असं केलं की दोघांची बाजू कळते खरी, पण दोघांमधलं अंतर नाहीसं होतं, आणि विषय तर तेच अंतर होता. डोकं निवडताना ज्याला कमी माहीत आहे त्याचं निवडा. मेधाला ‘विसरला की ठेवलं’ हे माहीत नाही, म्हणून कथा मेधाची. संजयच्या डोक्यात शिरलात तर उत्तर लगेच द्यावं लागेल, किंवा वाचकापासून मुद्दाम लपवावं लागेल, आणि वाचक ते माफ करत नाही.

पण कच्च्या मसुद्यात एकदा तोच प्रसंग दुसऱ्याच्या बाजूने, दोनशे शब्दांत, लिहून बघाच. तो कागद नंतर फेकायचा आहे. संजय त्या संध्याकाळी कारखान्यातून काय घेऊन आला, भावाचे त्याच्यावर कोणते उपकार आहेत, नॉमिनीच्या फॉर्मवर सही करताना त्याच्या मनात कोण होतं. हे लिहून झालं की मूळ कथेतला संजय आपोआप सरळ बसतो, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यामागे आता काहीतरी असतं. आपल्याकडे या विषयावरच्या कथांमधला नवरा बहुधा पुठ्ठ्याचा असतो: पेपर वाचतो, चहा मागतो, ओरडतो. असा नवरा बायकोचं दुःखही हलकं करतो, कारण पुठ्ठ्यासोबत राहण्यात कोणाचं काय मोडणार?

दोन्ही बाजू समजून घेण्याची ही रीत मारहाणीच्या कथेत मात्र तशीच लावू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या दर दहा विवाहित स्त्रियांपैकी जवळपास तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं नोंदवलं आहे. तेव्हा हा अपवादाचा विषय नाही, आणि तिथे ‘तिचंही थोडं चुकलं’ असा तोल साधणं म्हणजे खोटं लिहिणं. त्याला माणूस म्हणून समजून घ्या, पण त्याच्या हाताचं कारण तिच्या वागण्यात शोधू नका. माराचं वर्णन लांबवण्यापेक्षा भीती कशी काम करते ते लिहा: जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखणारी बाई, मुलांना आधीच जेवायला घालून झोपवणारी, शेजारणीकडे एक साडी आणि रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवून असलेली. ही तयारी म्हणजेच तिच्या घरातली वाटणी.

शब्दांचा हिशेब

अडीच हजार शब्दांच्या कथेत तीन प्रसंग मावतात, चौथा जड होतो. पहिला साधारण ७००, मधला १०००, शेवटचा ५००. उरलेल्या ३०० शब्दांत मागची सगळी हकिकत. लग्न कसं ठरलं, पहिली दोन वर्षं कशी गेली, हे सगळं एवढ्यातच. ती हकिकत एका तुकड्यात देऊ नका. वस्तू हातात आली, एक ओळ. जागा दिसली, एक ओळ. कथेचा काळ शक्यतो एक दिवस ते एक आठवडा. माणसं दोन, आणि तिसरं एक, ज्याच्यासमोर या दोघांना वेगळं वागावं लागतं. आपल्या कथेत तो अरुण आहे. शनिवारी तो जेवायला येतो, मेधा त्याला आग्रहाने वाढते, तो म्हणतो, “वहिनी, तुमच्या हातची चव घरात कोणाच्याच हाताला नाही.” त्याला पावतीबद्दल काही माहीत नाही. मधला प्रसंग हा, आणि सर्वांत लांबही हाच असावा, कारण इथे कोणीच मोकळेपणी बोलू शकत नाही.

मसुदा संपल्यावर पहिला परिच्छेद झाकून कथा वाचा. दहातल्या सात वेळा ती दुसऱ्या परिच्छेदापासून जास्त चांगली सुरू होते. पहिल्यात लेखक घसा साफ करत असतो, ‘तिने खिडकीबाहेर पाहिलं, पाऊस कोसळत होता’. मग ‘अचानक’, ‘नकळत’, ‘डोळ्यांच्या कडा पाणावल्या’, ‘काळजात चर्र झालं’ शोधून काढा. रडणं आख्ख्या कथेत फार तर एकदा. शेवटी कथा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे बहुधा पात्राऐवजी लेखक बोलतोय.

कायद्यात होणाऱ्या चुका

या विषयाच्या कथांमध्ये कोर्ट, नोटीस, पोलीस ठाणं येतंच, आणि एका चुकीच्या तपशिलाने जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो. हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय त्यात १९७६ साली आली. म्हणजे १९७० सालच्या कथेत त्या कायद्याने लग्न झालेलं जोडपं ‘दोघांच्या मर्जीने’ वेगळं होऊ शकत नाही. कोणावर तरी आरोप करावाच लागेल, आणि तो खोटा आरोप कोणी स्वतःवर घ्यायचा हीच एक जबरदस्त कथा आहे. आजच्या कथेत अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. ही मुदत न्यायालय माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ती आपोआप माफ होत नाही. एका तारखेत सही करून ‘सुटलो’ असं होत नाही.

कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नसतो, परवानगी लागते. दोघांपैकी एकाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड होते. खच्चून भरलेल्या कोर्टात उलटतपासणीने चारित्र्याची लक्तरं निघण्याचा प्रसंग लिहिताना हे लक्षात ठेवा. त्याऐवजी समुपदेशकाच्या खोलीबाहेरचा बाक घ्या, ज्यावर वेगळं व्हायला आलेली दोघं जागा नसल्यामुळे शेजारी बसतात.

नवऱ्याच्या क्रूरतेचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं. त्याआधीच्या कथेत ते नको. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांनी घेतली आहे, बोलताना मात्र लोक अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च म्हणतात आणि पात्रांनीही तेच म्हणावं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. व्यभिचार २०१८ पर्यंत गुन्हा होता, पण तक्रार फसवल्या गेलेल्या नवऱ्याने दुसऱ्या पुरुषाविरुद्ध करायची. फसवल्या गेलेल्या बायकोला तो मार्गच नव्हता. आज तो गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे.

कथा गोव्यात घडत असेल तर पायाच बदलतो. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. ‘त्याने तिला न सांगता घर विकलं’ हे कथानक म्हापशात चालणार नाही. ‘सहीसाठी तो चार वर्षांनी तिच्या दारात आला’ हे चालेल, आणि ते कितीतरी बरं आहे.

शेवट

शेवटाला दोन सोप्या वाटा मोहात पाडतात: समेट किंवा बॅग भरून निघणं. दोन्ही क्वचित खऱ्या असतात. तिसरी वाट सोपी नाही, पण ती विषयातून येते: घराच्या वाटणीत एक बारीकसा बदल व्हावा, दोघांना तो कळावा, आणि त्यावर कोणी बोलू नये. एक तारखेला शिकवण्यांचे पैसे येतात. मेधा ते डब्यात टाकत नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाला बिल घेऊन दारात उभा असतो, संजय डबा उघडतो, आत शंभराच्या दोन नोटा आणि सुट्टे. तो झाकण लावतो, दूधवाल्याला ‘संध्याकाळी ये’ म्हणतो आणि चपला घालून एटीएमकडे निघतो. मेधा आतून विचारते, “दूधवाला होता का?” तो म्हणतो, “हो.” इथे थांबा. पुढे ती वेगळं खातं उघडेल का, तो नॉमिनी बदलेल का, हे वाचक घरी घेऊन जातो. एकही ओळ जास्त लिहिलीत तर ती स्पष्टीकरणाची असेल.

मृत्यूने कथा संपवू नका. हृदयविकाराच्या झटक्याने आणि अपघाताने मराठीत असंख्य संसार सोडवले गेले आहेत, आणि प्रत्येक वेळी मूळ प्रश्न तसाच राहून गेला आहे.

जवळच्यांनी ओळखलं तर

ही भीती खरी आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. ते मालतीबाई बेडेकरांचं लेखन होतं हे पुढे समजलं. बिनसलेल्या संसारावर लिहिलं की नातेवाईक स्वतःला शोधतात आणि बऱ्याचदा भलत्याच पात्रात सापडतात.

ओळख पुसायची तर फक्त नावं बदलून भागत नाही. धंदा, गाव आणि मुलांची संख्या, या तिन्ही गोष्टी बदला. धंदा बदलला की दिवसाचं वेळापत्रक बदलतं, गाव बदललं की बोली, मुलं बदलली की घरातली वाटणी. म्हणजे सुरुवातीची दोन पानं पुन्हा नव्याने लिहावी लागतात. मग ती वस्तूही बदलते: पतपेढीची पावती शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्यावरचं नाव होते, परदेशातल्या जोडप्यात व्हिसाच्या अर्जावरचा ‘अवलंबित’ हा शेरा होते. इतकं झाल्यावर ज्यांच्यावरून कथा सुचली त्यांचं त्यात फारसं काही उरत नाही. त्यांनी कधीतरी उच्चारलेलं, तुम्हाला विसरता न आलेलं एखादं नेमकं वाक्य उरलं असेल, तर तेही काढा. माणसं स्वतःला नेमकं त्याच वाक्यावरून ओळखतात.